पगारपत्रकात नसलेले हात

बंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या एका लहान नर्सिंग होमचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळते. हेपटायटिस बीच्या लसीकरणाचं कामही माझ्याकडेच असतं. ते मी चुकीच्या यादीपासून सुरू केलं.

यादी पगारपत्रकावरून केली. डॉक्टर, नर्सेस, लॅबमधली मुलं, वॉर्डातल्या आया, सगळ्यांची नावं आली. सफाईची माणसं कंत्राटदाराची. त्यांचा पगार आमच्या वहीत नाही, म्हणून नावंही आली नाहीत. कंत्राटदार बघेल असं मी धरून चालले. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तर साफ लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी संस्था चालवणाऱ्याची आहे. नियमांची प्रत माझ्याच कपाटात होती. तरी ‘कर्मचाऱ्यांचं लसीकरण पूर्ण’ असं लिहून मी खाली सही केली.

वास्तविक सुईचा धोका सफाईवालीला नर्सइतकाच, कधी जास्तच. नर्सला निदान ठाऊक असतं की सुई कोणत्या पेशंटची. पिशवी उचलणारीला काहीच ठाऊक नसतं. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान सात दिवस तग धरतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण साधारण तीनशेत एकाला होते. हेपटायटिस बीची, लस न घेतलेल्यांत, शंभरात सहा ते तीस जणांना. आम्ही सगळे एचआयव्हीला घाबरत होतो आणि ज्याच्यावर लस आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करत होतो.

मग एका सफाईवालीला सुई टोचली. ती सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात असायला हवी होती. होती पिवळ्या पिशवीत. टोचली सकाळी आणि मला कळलं संध्याकाळी, तेही दुसऱ्या बाईकडून. मी मूळची बेळगावची, कन्नड घरच्यासारखं बोलते, त्यामुळे या बायका माझ्याशी मोकळ्या आहेत असा माझा समज होता. ‘‘सूजी चुच्चितु, मॅडम,’’ एवढं तिनं मान खाली घालून सांगितलं. का लपवलं विचारलं, तर म्हणाली, पगार कापतील. ही भीती मीच तयार केली होती. अपघाताच्या फॉर्मवर पहिलाच रकाना मी ठेवला होता ‘निष्काळजीपणा कोणाचा?’ असा फॉर्म असेल तर कोण पुढे येईल?

सुई कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. जखम साबण-पाण्यानं धुतली. हेपटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शक्यतो चोवीस तासांच्या आत द्यायचं असतं आणि आमच्याकडे ते नव्हतं. रात्री मिळालं, ते एका दंडात दिलं आणि लसीचा पहिला डोस दुसऱ्या दंडात. एचआयव्हीची औषधंही डॉक्टरांनी लगेच सुरू केली. इम्युनोग्लोब्युलिनच्या त्या एका इंजेक्शनला जे हजारो रुपये गेले, तेवढ्यात सगळ्या सफाईवाल्यांची लस झाली असती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ही लस देशातच बनवली, तेव्हापासून ती महाग म्हणायची सोय उरलेली नाही.

तिच्या पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या. त्याचं श्रेय मला नाही.

तिच्या मुलाच्या कार्डावर मात्र हेपटायटिस बीचे सगळे डोस होते. सरकारी लसीकरणात ही लस २०११ पासून देशभर आली. आज सफाईला येणाऱ्या बायका त्याआधी जन्मलेल्या. पोराला सुरक्षित करून आई रोज उघड्या हातांनी कामावर येत होती.

नंतर जुनं रजिस्टर नीट पाहिलं आणि आणखी चुका सापडल्या. लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायची, पण मी तिचं ‘शिबिर’ केलं होतं. शुक्रवारी सकाळी अकराची वेळ ठेवली, फोटो काढले. बनशंकरीत शुक्रवारी याच वेळी, राहुकाळी, लिंबाचे दिवे लावायला देवळात रीघ लागते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रात्रपाळीच्या मुली तेव्हा झोपलेल्या असतात, हेही माहीत होतं. जी आली नाही तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून मी मोकळी झाले. नोकरी सोडून गेलेल्यांचा तिसरा डोस तर हिशेबातच नव्हता.

शिवाय तीन डोस झाले की झालं, असं मी मानत होते. डॉक्टरांनी विचारलं, टायटर कोणाकोणाचं केलं? कोणाचंच नाही. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे टायटरची, तपासणी करायची असते. ते दर मिलिलिटरला दहा मिलि-युनिट किंवा त्याहून जास्त आलं तरच ती व्यक्ती सुरक्षित धरायची. केलं तेव्हा आमची एक जुनी, अनुभवी नर्स खूपच खाली निघाली. कितीतरी वर्षं ती निर्धास्त सुया हाताळत होती. तिला पुन्हा तीन डोस दिले.

आता यादी सुई, रक्त किंवा पिशवीला कोणाचा हात लागतो यावरून होते. पहिला डोस कामाच्या पहिल्याच दिवशी, कोणत्याही पाळीत. पुढच्या तारखांचं कार्ड त्या माणसाच्या हातात देतो, कारण डोस लांबला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही आणि उरलेले डोस दुसरीकडेही घेता येतात. फॉर्मवरचा तो रकाना काढला. तिथे आता टोचल्याची वेळ विचारतो. रक्त लागलेल्या चादरी नेणारा लाँड्रीवाला यादीत अगदी अलीकडे आला, तोही त्यानं स्वतःहून विचारलं म्हणून. त्याचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे.