भांडणारी भेंडी

मागच्या महिन्यात पाटोद्याला गेलो होतो. आईने विहिरीजवळ दोन वाफे भेंडी लावलेली. बघतो तर निम्म्या झाडांची पानं पिवळीधमक. आमच्याकडे याला केवडा म्हणतात. विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने याला तोंड देणारी 'परभणी क्रांती' भेंडी काढली, पण पुढे बऱ्याच ठिकाणी तिलाही रोग गाठू लागला.

"पिवळी झाडं उपटून टाक," मी म्हणालो. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोटच्या पोरासारखं पाणी घातलेलं ना!

रात्री लाईट गेली आणि ओट्यावर गप्पा निघाल्या. कॉलेजात आम्ही शिकलो तो आरएनए म्हणजे निरोप्या. डीएनएचा निरोप न्यायचा, प्रथिन बनवून घ्यायचं. या कामात नसलेल्या आरएनएकडे कुणी फारसं बघत नसे. पण १९२८ साली अमेरिकेत विंगार्ड यांना तंबाखूची अशी झाडं दिसली होती, की खालची पानं रोगट आणि वर फुटलेली नवी पानं निरोगी! उलगडा व्हायला सत्तरेक वर्षं गेली. १९९९ मध्ये हॅमिल्टन आणि बोल्कंब यांना रोपांत आरएनएचे पंचवीसेक अक्षरांचे चिमुकले तुकडे सापडले. झाड विषाणूच्याच आरएनएचे असे तुकडे करतं आणि चोराचा फोटो घेऊन फिरावं तसं त्यांच्या मदतीने बाकीचा विषाणू ओळखून कापून काढतं. या तुकड्यांपासून प्रथिन बनत नाही, पण झाड त्यांच्याच जोरावर लढतं.

आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "झाडच भांडतंय म्हणतोस, मग उपटायचं कशाला?"

मी गप्पच झालो. मग सांगितलं, की विषाणूही वस्ताद असतो, झाडाचं हे हत्यार बोथट करणारी प्रथिनं बनवतो. भेंडीत बहुतेक वेळा तोच जिंकतो. आणि झाड भांडत असलं तरी माशी त्याच्यावरूनच शेजारच्या झाडावर जाते.

सकाळी उठलो तर पिवळी झाडं उपटून झाली होती. आई हात धूत होती.

"भांडली बिचारी," एवढंच म्हणाली.

असो. पुढच्या खेपेला पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे नेणार आहे.