नवा चाकू

स्वस्तात घेतलेला आमचा खिशातील चाकू, खीळ ढिली होऊन, एकाएकी मिटला व आमचे बोट कापले; तेव्हा हिंगोलीच्या बाजारात दुसरा पाहावयास गेलो. दुकानदाराने दोन पुढे ठेवले. नव्या घडणीच्या चाकूस कात्री व पेचकस अधिक. किंमत मात्र दुप्पट. मन मोहून गेले.

स्वित्झर्लंडात कार्ल एल्सनर यांनी 1891 साली सैनिकांस चाकू पुरविले व 1897 साली अधिकाऱ्यांसाठी नवा काढला. तो सरकारातून मिळत नसे. तरी अधिकारी पदरमोड करून घेत. सहा अवजारे दोनच स्प्रिंगांवर बसवून तो हलका केला होता. तेथे अधिक किमतीत अधिक कसब होते.

आम्ही दोन्ही चाकू उघडून, पाती हलवून पाहिली. पाते, खीळ, स्प्रिंग सारखीच! साधाच घेतला. घरी हकीकत सांगताच आमची मंडळी हसून म्हणाली, “बरे केलेत! पेचकस घेऊन कोणाचे पेच सोडविणार होता?” उरलेल्या पैशांत कन्येची कंपासपेटी आली.

विद्यार्थिमित्रहो, पक्क्या खिळीसाठी चार पैसे अधिक मोजावे. झगमगाटासाठी मोजू नयेत. यांपैकी पहिली गोष्ट आम्ही बोटावरील वण पाहून लिहीत आहो.