हाउन्स्लो ते डार्विन : एका हवाई प्रवासाची दैनंदिनी (भाग पहिला)

१२ नोव्हेंबर १९१९, बुधवार

लंडनजवळचं हाउन्स्लो. हवामानाबद्दलचा शेरा स्पष्ट आहे : उड्डाणास अयोग्य. तरीही विकर्स विमी विमान मैदान सोडतं. रॉस आणि कीथ हे स्मिथ बंधू आणि बेनेट व शायर्स हे दोन सार्जंट, असे चौघं जण. ब्रिटनहून ३० दिवसांच्या आत ऑस्ट्रेलिया गाठणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांना तिथल्या सरकारने १०,००० पौंडांचं बक्षीस लावलंय. विमानाला इंजिनं दोन, पण वैमानिकांच्या डोक्यावर छप्पर नाही. फ्रान्सवर पोचेपर्यंत चष्म्यांवर बर्फ साचतो आणि सोबतची सँडविच गोठून दगड होतात. रात्रीचा मुक्काम ल्यों.

२० नोव्हेंबर

इटली, क्रीट, कैरो, दमास्कस मागे पडलं. आज इराकमधलं रमादी. रात्री अचानक वादळ उठतं आणि उघड्यावर उभं असलेलं विमान उलटतं की काय, अशी वेळ येते. तळावरच्या दहाव्या लान्सर्स पलटणीतले पन्नासेक भारतीय जवान धावत येतात आणि वाळूचा मारा खात रात्रभर विमान धरून ठेवतात. स्पर्धेच्या बातम्यांत या जवानांची नावं कुठून येणार!

२५ नोव्हेंबर

दिल्ली. तेरा दिवसांत निम्मी वाट सरली.

२९ नोव्हेंबर

कोलकात्याचं रेसकोर्स, बघ्यांची ही गर्दी. विमान जमिनीवरून उठतं न उठतं तोच घारी आडव्या येतात. एक डाव्या इंजिनाच्या फिरत्या पात्यात सापडते. पातं शाबूत राहतं, विमान कसंबसं झाडांवरून निघून जातं.

४ डिसेंबर

सिंगापूरचं रेसकोर्स फारच आखूड आहे आणि विमान उतरवायचं तर त्यावरच. चाकं टेकायच्या बेताला बेनेट विमानाच्या पाठीवरून घसरत शेपटीपर्यंत जातो. त्याच्या वजनाने शेपूट खाली दबते आणि विमान वेळेत थांबतं.

८ डिसेंबर

जावा बेटावरचं सुराबाया. काल उतरताच चाकं चिखलात रुतली. आसपासच्या वस्त्यांतून बांबूच्या चटया गोळा झाल्या. त्या जोडून सुमारे तीनशे मीटरचा रस्ता अंथरला, आणि त्यावरून विमान उडालं.

१० डिसेंबर, बुधवार

डार्विन! बक्षीस पदरात पडलं.

आता हिशेब. अंतर सुमारे १८,००० किलोमीटर, दिवस २८. प्रत्यक्ष हवेत मात्र सुमारे १३६ तास, म्हणजे सलग धरले तर सहा दिवसही भरत नाहीत. बाकीचा सगळा वेळ जमिनीवर गेला : मुक्काम, पाऊस, चिखल, दुरुस्ती. दोन शहरांतला वेळ पुढे कमी होत गेला, त्यात वेगाइतकाच वाटा थांबे गळण्याचा आहे. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेली पर्थ–लंडन विमानसेवा १४,४९८ किलोमीटर कुठेही न उतरता जाते आणि साधारण सतरा तास घेते.

पुढच्या भागात : १९४७ चा सिडनी–लंडन प्रवास. सहा थांबे, चार दिवस, आणि त्यात कोलकाता व कराचीही.