नंबर साताऱ्याचा, घर सांगलीचं

पुण्यात माझा एक मित्र आहे. आयटीवाला, वीकएन्डला ट्रेकिंग, भिंतीवर लेह-लडाखचे फोटो. सध्या त्याच्या डोक्यात पिकअप घ्यायचं खूळ शिरलंय. तीच ती, चार दरवाज्यांची केबिन, मागे उघडा हौदा. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये, आणि शहरातल्या पोरांना अचानक कळलं की पिकअप ही कूल गोष्ट असू शकते!

"तुझ्या घरी आहे ना गं पिकअप? लॉन्ग टर्म रिव्ह्यू दे की," तो म्हणाला.

आहे ना. पण तिला पाहून कुणी सेल्फी काढणार नाही. पांढरी, दोनच दरवाजे, पिवळी नंबरप्लेट, उजव्या बाजूला क्रेट घासून पडलेले ओरखडे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तासगाव भागात तसंही कुणी विचारत नाही. टाटा एस २००५ मध्ये आली ती 'छोटा हत्ती' झाली, आणि त्याहून मोठी ती 'पिकअप'. बास.

गंमत म्हणजे ही गाडी सांगलीची नाहीच. नंबर एमएच ११, म्हणजे सातारा. २०११ मध्ये ती भिलारच्या एका स्ट्रॉबेरीवाल्या काकांनी नवी घेतली आणि २०१४ मध्ये आमच्या अप्पांना विकली. पहिला महिनाभर केबिनला स्ट्रॉबेरीचा वास होता. मग आमची द्राक्षं चढली, बेदाणा चढला आणि तो वास गेला. व्यवहार मात्र तिथेच संपला नाही. दर मार्चला अप्पा बेदाण्याचा एक बॉक्स घेऊन भिलारला जातात आणि येताना स्ट्रॉबेरी आणतात. यंदा मीही बरोबर गेले. कारण अप्पांनी फोनवर सहज सांगितलं होतं, "गाडी काढून टाकावी म्हणतोय."

खाली असली की उडते

तासगावातून पहाटे साडेपाचला निघालो. गणपती मंदिराचं सात मजली गोपूर अजून अंधारात होतं. स्टिअरिंग माझ्याकडे. विट्याच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं टपाला लागायचं बाकी राहिलं.

"रिकामी हाय म्हणून उडतीया," अप्पा म्हणाले. "पंधरा किलोचा एक बॉक्स म्हंजे तिला काय! टनभर माल घाल, मग बघ कशी शहाण्यावानी चालती."

मित्रा, हा रिव्ह्यूचा पहिला मुद्दा. पिकअपच्या मागच्या चाकांवर जाड पाटे असतात. ते टन-सव्वा टन वजन पेलायला बनवलेले. वजन नसेल तर ते दबतच नाहीत आणि रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट तुमच्या कण्यापर्यंत पोचतो. शिवाय जोर मागच्या चाकांना, आणि हौदा मोकळा. त्यामुळे पावसात चढावर मागची बाजू सटकते. अप्पा पावसाळ्यात हौद्यात वाळूची चार पोती टाकून ठेवतात. तुझ्या त्या ब्रोशरमध्ये हे कुठे लिहिलेलं नसेल.

विटा मागे पडलं. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं देशभर पसरली आहेत. मग कडेगाव, मोहरमच्या उंचच उंच ताबुतांचं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर चहा घ्यायला थांबलो. समोरासमोर येऊन भेटणाऱ्या दोन नद्या मार्चमध्ये अगदी गरीब दिसत होत्या.

अप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "हिनंच त्या साली रडवलं."

त्या साली

ऑगस्ट २०१९. सांगलीत १९२९ पासून उभ्या असलेल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. माझी आत्या भिलवडीला, नदीकाठी. पाणी गावात शिरायच्या आदल्या रात्री अप्पांनी पिकअपच्या दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत आत्याच्या सासूबाई केबिनमध्ये आणि हौद्यात दोन म्हशी. दुसऱ्या खेपेत शिलाई मशीन, गॅसची टाकी, गव्हाची पोती आणि शेजारच्या घरातली सहा माणसं. तिसऱ्या खेपेला रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. अप्पा गाडी मागे फिरवून परत आले.

पाण्यात गाडी का घातली नाही, हे मी तेव्हा वैतागून विचारलं होतं. ते म्हणाले, "इंजिनात पाणी गेलं असतं तर ती तिथंच बसली असती, आणि रस्ता अडला असता. मागनं ट्रॅक्टर यायचे हुते."

त्यानंतर दहा दिवस आत्याचं सगळं घर आमच्याकडे होतं. म्हशी बेदाण्याच्या शेडमध्ये.

वहीतला हिशेब

साताऱ्याच्या पुढे पाचवडला वळून वाई, मग पसरणीचा घाट. घाटात स्टिअरिंग अप्पांनी घेतलं आणि मी डॅशबोर्डमधली त्यांची वही उघडली. बारा वर्षांचा हिशेब: क्लच प्लेट दोनदा. टायर चार वेळा. मागचे पाटे दोनदा, दोन्ही वेळा जास्त माल भरल्यामुळे (पुढे अप्पांनी स्वतःच लिहिलंय, 'चूक आपली'). अ‍ॅव्हरेज भरून बारा, रिकामी चौदा. एकूण दोन लाख एकाहत्तर हजार किलोमीटर.

आता पंधरा वर्षं होत आली. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, पर्यावरण कर वेगळा. त्यात पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी २०२२ पासून चांगलीच वाढली. कागदावर हिशेब सरळ होता: विका.

पण वहीत आणखी एक पान होतं. त्यावर गाडीचा नाही, बागेचा हिशेब. अवकाळी पाऊस, डाऊनी, औषधांचा खर्च. गेल्या वर्षी तीन एकरांतला एक एकर बाग काढली. भाऊ पुण्यात, मी पुण्यात. अप्पा त्रेसष्टचे. पिकअप गेली की उरलेले दोन एकरही जाणार, हे त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. तरी मला ते दिसलं.

भिलार

भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत कपाटं, आत बसून वाचायची सोय. काकांच्या शेजारीही असंच एक घर. काका गाडीकडे आधी गेले, आमच्याकडे नंतर. बॉनेटवर हात ठेवला, टायर बघितले. "चांगली ठेवलीय हो तुम्ही."

जेवताना अप्पांनी विषय काढला. काका थोडं थांबले. मुलानं पाचगणीत टेन्टचा धंदा टाकला, म्हणून त्यांनी २०१४ मध्ये गाडी काढली होती. "वाटलं, भाड्याची गाडी बोलावू. पण गाडी गेली आणि माझं रानात जाणंच कमी झालं. दोन वर्षांत जमीन वाट्यानं दिली. आता तुम्हाला देतो ती स्ट्रॉबेरीसुद्धा शेजाऱ्याकडनं घेऊन देतो."

अप्पा काही बोलले नाहीत. भाकरी मोडत राहिले.

निघताना काकांनी यंदा नेहमीपेक्षा जास्त खोकी चढवली. आम्ही ताडपत्री बांधली. घाट उतरताना अप्पांनी विचारलं, "तू हाय का पंधरा तारखेला? फिटनेसला सांगलीला न्यायची हाय. एक वर्षाचं करू. फुडचं फुडं."

मी हो म्हटलं. आता मागे वजन होतं. गाडी उडत नव्हती.

पिकअप घेताय? हे वाचा

• टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची देतात. शक्य असेल तर मागे वजन टाकून चालवून बघा.
• सेकंडहॅन्ड घेताना आधी मागचे पाटे आणि हौद्याचा तळ बघा. बॉडीचा रंग नंतर.
• वर्षातून किती वेळा हौदा भरणार आहात, ते कागदावर लिहा. उत्तर दोन आलं, तर हॅचबॅक घ्या.

वाटेत काय?

तासगावचा बेदाणा, साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचं भडंग. वाईला महागणपती, मेणवलीचा घाट. तासगाव ते भिलार साधारण पावणेदोनशे किलोमीटर. स्ट्रॉबेरीसाठी डिसेंबर ते एप्रिल, आणि बेदाण्याची शेड बघायची असेल तर मार्च. मात्र शेडमध्ये शिरण्याआधी मालकाला विचारा. ते बहुधा हो म्हणतात, आणि ओंजळभर हातावरही ठेवतात.