दाभोळची फेरीबोट, खारबांध आणि आपला मामा तलाव



धान मळून झाले, बांधीतली लाखोळी उगवून आली, तेव्हा चौघे जण भाच्याची गाडी घेऊन कोकणात फिरून आलो. आज त्यातलं शेतीपुरतं लिहितो.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत बसलो, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. तिथून केळशी, आंजर्ले, हर्णे. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नारळ-सुपारीच्या वाड्या आणि वर जांभ्या दगडातल्या आंब्याच्या बागा. रस्ता इतका वळणाचा की तासाला २५-३० किलोमीटरच्या वर जाणं होत नाही. पण घाई कोणाला होती!

दापोलीवरून दाभोळला आलो. इथून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला २००३ पासून फेरीबोट चालते. बोट नसती तर चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा. बोटीचा तळ सपाट, पुढची फळी धक्क्यावर टेकली की गाड्या आत. धक्का उतरता बांधलेला, कारण भरती-ओहोटीनं पाण्याची पातळी सारखी बदलते. आपल्या वैनगंगेवरच्या डोंग्याला हा हिशेब कधी करावा लागला नाही.

धक्क्यावर एक भातशेतीवाले काका भेटले. त्यांचं शेत खाडीकाठच्या खारजमिनीत. आपली रोवणी, त्यांची लावणी. आपली तणस, त्यांचा पेंढा. आपली बांधी, त्यांचं खाचर. आपण उभ्या धानात लाखोळी फेकतो, ते भात निघाल्यावर ओलीवर वाल घेतात. पण एक गोष्ट आपल्याकडे नाही: त्यांच्या पाण्याला शत्रू आहे.

खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा खारबांध, आणि बांधात उघाडी. ओहोटीला उघाडीचं झाकण आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते, पावसाचं पाणी मीठ धुऊन बाहेर नेते. भरती आली की बाहेरच्या दाबानं ते बंद होते. जून-जुलैच्या पावसानं क्षार खाली गेले की मगच लावणी. भाताला रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात खारं पाणी जास्त बाधते. म्हणून तिथे काळा राता, भुरा राता असे खारं सोसणारे वाण पेरत आले, पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं नवे वाण दिले.

काका म्हणाले, "भाऊ, बांध एकाच्या शेताजवळ फुटतो, पण खारं पाणी सगळ्यांच्या शेतात जातं. मग दोन-तीन वर्षं भात विसरायचं." पूर्वी खेकड्याचं बीळ दिसलं तरी सगळा गाव माती घेऊन धावायचा. आता पोरं मुंबईला, बांध सरकारी, आणि बीळ बुजवायला कोणी नाही. काही खारींत भाताऐवजी कांदळवन उभं आहे, ते बोटीतूनच दिसलं.

हे ऐकून मला आपले मामा तलाव आठवले. मालगुजारी होती तेव्हा पाळीवर माती टाकणं, पाट साफ करणं हे गावाचं काम होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ते बरंच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची सवयही गेली. आज कितीक तलावांत बेशरम माजली आहे, तुडूम गळते, सांडवा बुजला आहे. खारबांध फुटला की तीन वर्षं जातात, मामा तलाव हळूहळू मरतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. दिसते ते फक्त ऑक्टोबरात, धान गर्भात असताना शेवटचं पाणी मिळत नाही तेव्हा.

२०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, तिचा गाळ घ्याच. पण पाळीकडे पाहणं योजनेवर सोडू नका. मे महिन्यात एक दिवस पाळीवरून चालत जा. उंदराची, खेकड्याची बिळं चिकणमातीनं थरथर ठोकून भरा. पाळीवरची रोपटी लहान असतानाच काढा, कारण झाड वाळलं की कुजलेल्या मुळाच्या वाटेनं पाणी फुटते. सांडवा मोकळा करा. पाच-सहा माणसं आणि चार फावडी पुरतात.

मोहाडी तालुक्यात कोणत्या गावात अजून मिळून पाळ दुरुस्त करतात? कमेंटमध्ये लिहा. आम्ही येऊन पाहू.