कऱ्हाटीची विहीर आणि फुफीचा हिस्सा

बारामतीहून मोरगावच्या दिशेने निघालो की थोड्याच वेळात शिवाराचा रंग बदलतो. निरा डाव्या कालव्यावरचा ऊस मागे पडतो. माळरान, बाभळी आणि बाजरी-ज्वारीची रानं लागतात. कऱ्हा नदीकाठचे कऱ्हाटी गाव याच जिरायती पट्ट्यातले. नदीचे पाणी वर जेजुरीजवळ नाझरे धरणात अडते. १९७२ चा दुष्काळ इथले बुजुर्ग अजून विसरलेले नाहीत. आणि हीच नदी सप्टेंबर २०१९ मध्ये अशी फुगली की बारामतीत काठावरच्या लोकांना रातोरात घरे सोडावी लागली.

आम्ही भावंडे मे महिन्यात तिथे गेलो ते आजोबांच्या जमिनीच्या कागदांसाठी. सोबत फुफी होती. नदीचे पात्र कोरडे, विहिरीत तळाशी हातभर पाणी. आमच्यापैकी एकाने सहज म्हटले, "लोकांचे गुनाह वाढले, म्हणून पाऊस नाही."

बोलणे सोपे होते. पण कालव्याकाठचे सगळे नेक आणि कोरड्या रानातले सगळे गुनाहगार, असे थोडेच आहे? दुष्काळ ही आजमाइशही असते. दुसऱ्याच्या गुनाहांचा हिशेब करण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला?

मात्र स्वतःचा हिशेब करणे फर्ज आहे. सूरह नूहमध्ये (७१:१०-१२) हजरत नूह (अलै.) आपल्या कौमला आधी माफी मागायला सांगतात; पाऊस, माल, औलाद, बागा आणि नद्यांचा वायदा त्यानंतर येतो. इब्ने माजाच्या एका हदीसचा आशय असा, की लोक जकात अडवतात तेव्हा पाऊस अडतो, आणि मुकी जनावरे नसती तर तो पडलाच नसता. म्हणजे दुसऱ्याचा हक्क दाबला की बरकतीची वाट बंद होते.

फुफी विहिरीच्या काठावर टेकली होती. आजोबांच्या इंतकालनंतर तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. "खुशीने दिला," असेच आम्ही घरात ऐकत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, "हिस्सा नको होता असं नाही रे बाबांनो. माहेर तुटू नये म्हणून अंगठा दिला."

आम्ही गप्प झालो. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे आणि त्या वाटण्यांना आपल्या हद्दी म्हटले आहे. आम्ही नमाजी, रोजेदार. पण त्या जमिनीची बाजरी वर्षानुवर्षे आमच्याच घरी आली. पीक येत होते, तरी भावाभावांत बोलणे नव्हते, आलेला पैसा पुरत नव्हता. दोष आम्ही पावसाला देत राहिलो.

तौबा नुसत्या जिभेची नसते. घेतलेला हक्क परत करावा लागतो. परतताना ठरले : फुफीचा हिस्सा रीतसर दस्त करून तिच्या नावे करायचा आणि सातबाऱ्यावर नोंद लावायची. खाल्लेल्या पिकाचाही हिशेब करायचा.

पाऊस केव्हा द्यायचा हे अल्लाह जाणे. आमच्या हाती होते तेवढे दार आम्हीच लावून ठेवले होते. आपल्या घरातही असे एखादे दार बंद नाही ना, वाचकहो, एकदा पाहा. अल्लाह आम्हा सर्वांना हक्कदाराचा हक्क देण्याची तौफीक देवो. आमीन.