घाट, समोरून

पातालपाणीहून कालाकुंडला उतरणाऱ्या गाडीत सगळे बाजूला बघतात. डब्यांना मोठाल्या काचा त्यासाठीच आहेत. धबधबा बाजूला, दरी बाजूला, खाली चोरल नदी, तीही बाजूलाच. समोर बघणारी माणसं या गाडीत दोनच, लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट. त्यांना जो घाट दिसतो तो हजारो प्रवाशांनी फोनवर काढलेल्या चित्रफितींमध्ये सापडत नाही. तो पहिल्या शिट्टीपासून कालाकुंडच्या फलाटापर्यंत सलग, मध्ये कुठेही न कापता, टिपायचा असं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. रीतसर अर्ज केला, खूप वाट पाहिली आणि ऐन श्रावणात परवानगीचा कागद हातात पडला. अटी सोप्या होत्या. केबिनमध्ये मी एकटीनेच जायचं, कॅमेरा पक्का बांधलेला हवा, आणि गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही.

या रुळांवर माझा जीव का आहे, ते सांगते. माझी आजी अकोल्याची. लग्न होऊन इंदूरला आली ती याच मीटर गेजने, पुढे माहेरी गेली तीही याच गाडीने. अकोला, खंडवा, सनावद, मग नर्मदेवरचा पूल, कालाकुंड, पातालपाणी, महू, इंदूर. आमच्या घरात ही नावं पाढ्यांसारखी पाठ होती. कालाकुंड आलं की पळसाच्या पानात कलाकंद घ्यायचा, हा नियम. त्या स्टेशनावर आजही तो तसाच पानात मिळतो.

मार्गाचा जन्मही आमच्या इंदुरातलाच म्हणायचा. १८७० साली मुंबईकडून जबलपूरकडे जाणारी ब्रॉड गेज खंडव्यावरून सुरू झाली होती, आणि माळव्याचं पठार तिथून विंध्याच्या भिंतीपलीकडे राहिलं होतं. त्याच वर्षी महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केलं, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर. एका संस्थानिकाने सरकारला कर्ज दिलं आणि त्यातून ‘होळकर स्टेट रेल्वे’ उभी राहिली. १८७८ च्या सुरुवातीपर्यंत गाडी खंडव्याहून इंदूरला पोचू लागली होती. दार्जिलिंगची छोटी गाडी १८८१ ची, आपली नेरळ-माथेरान १९०७ ची. हा घाट त्या दोघींहून जुना आहे, आणि त्याचं नाव त्या दोघींसारखं घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोरघाटात तो सदतिसास एक आहे. मीटर गेजची ब्रॉड गेज करताना हा चढ आणि ही वळणं चालणार नव्हती, म्हणून नवा मार्ग घाटाला वळसा घालून आखला गेला. जुना घाट असा बाजूला पडला, म्हणूनच वाचलाही. २५ डिसेंबर २०१८ ला पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली. २०२३ च्या सुरुवातीला महू-ओंकारेश्वर रोडची शेवटची मीटर गेज गाडीही बंद झाली, आणि आता साडेनऊ किलोमीटरचा हा तुकडा तेवढा उरला आहे. त्याला ना मागे जोड, ना पुढे.

इंजिन वायडीएम-४. अमेरिकेतल्या आल्को कंपनीचा आराखडा, पुढे वाराणसीच्या कारखान्यात बांधणी. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना त्याचा उभ्या उभ्या चालणारा धडधडाट वेगळा सांगायला नको. कॅमेरा बांधणाऱ्याची मात्र तो परीक्षा घेतो. उभ्या इंजिनाची थरथर चालत्या इंजिनापेक्षा वाईट, सगळं चित्र जेलीसारखं हलतं. म्हणून मी क्लॅम्पखाली जाड रबर घातलं, काचेला लेन्स जवळजवळ टेकवली आणि भोवती काळं कापड लावलं, म्हणजे केबिनमधलं प्रतिबिंब पडत नाही. फोकस हाताने पक्का केला. पावसात तो यंत्रावर सोडला तर ते रूळ सोडून काचेवरचे थेंब बघत बसतं. आवाजाचा रेकॉर्डर वेगळा, खाली फडक्यात गुंडाळून ठेवला.

लोको पायलट काका निवृत्तीला आलेले, घरात मराठी बोलणारे, महूचे. असिस्टंट तरुण, उत्तरेकडचा.

“ताई, धबधबा माझ्या बाजूने नीट दिसणार नाही हं,” काकांनी आधीच सांगून टाकलं.

“धबधबा नकोच आहे, काका. तुम्ही बघता ते हवंय.”

“मी काय बघतो? रूळ बघतो.”

सुटण्याआधी ब्रेकची तपासणी झाली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्लाचं, इथल्या लोकांच्या टंट्यामामाचं, मंदिर रुळांजवळ आहे. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्याला फाशी दिलं आणि त्याचा देह पातालपाणीजवळ आणून टाकला, असं इथे मानतात. प्रत्येक गाडी मामाला सलामी द्यायला थांबते, अशीही श्रद्धा आहे. रेल्वेचं म्हणणं, घाट उतरण्याआधी ब्रेक तपासावेच लागतात, म्हणून गाडी थांबते. मी काकांना दोन्ही ऐकवलं. ते म्हणाले, “ब्रेक तर तपासायचेच. तेवढ्यात हात जोडले तर कुठे वेळ जातो?” आणि त्यांनी ते जोडले. तेवढा क्षण चित्रात नाही, कारण कॅमेऱ्याचं तोंड पुढे होतं. आवाजात मात्र ब्रेकचा सुस्कारा आणि त्यानंतरची थोडी शांतता आहे.

मग उतार लागला.

समोरून बघताना पहिली गोष्ट कळते ती ही, की घाटात क्षितिज नसतं. पुढचे रूळ शंभर-दीडशे पावलं दिसतात आणि काळ्या कातळाआड वळतात. वळण सरलं की पुढचं वळण. दोन्ही बाजूंनी बसाल्टच्या ओल्या भिंती, त्यांवरून पाण्याच्या धारा, वर सागाची रुंद पानं. दरी मधूनच एखाद्या पुलावर उघडते आणि लगेच मिटते. डब्यातल्या लोकांचं ‘अरे वा’ मला मागून ऐकू येत होतं. काकांची मान वळली नाही.

त्यांचं सगळं लक्ष हातात आणि कानात होतं. उतारावर इंजिन ओढत नाही, गाडीच त्याला ढकलते. तिला व्हॅक्यूम ब्रेकने धरायचं, थोडं सोडायचं, पुन्हा धरायचं. ब्रेक सोडल्यावर पोकळी परत तयार व्हायला वेळ लागतो. घाईघाईने लाव-सोड केली तर ब्रेकची ताकदच उतरत जाते, आणि खाली अजून अर्धा घाट असतो. गाडी धबधब्याच्या थांब्यावर उभी असताना मी हे विचारलं, तेव्हा काका म्हणाले, “लावणं कुणालाही येतं. सोडणं शिकायला वर्षं जातात.” काट्याकडे ते क्वचित बघत. चाकांचा आवाज बदलायच्या आत त्यांचा हात हललेला असे. परत येऊन चित्र आणि आवाज जुळवताना हे मला पुन्हा पुन्हा दिसलं. आधी हँडलचा खट्, मग हवेचा आवाज, आणि त्यानंतर वळण. वळण दिसायच्या आत हात कसा जातो, याचं उत्तर इतकंच, की ते वळण त्यांना पाठ आहे.

बोगदे चार. पाटी आली की शिट्टी द्यायचीच, पण काका शिट्टी देऊन कान देतात. आत गुरं असली, माणूस असला, तर घुमणारा आवाज वेगळा येतो म्हणे. बोगद्यात प्रकाशाचं काय करायचं हा माझा जुना प्रश्न होता. कॅमेऱ्याला आपोआप जुळवून घेऊ दिलं तर अंधार लगेच करडा होतो, आणि तोंडाशी आलं की पांढरा भडका. मी सगळं बाहेरच्या प्रकाशावर पक्कं ठेवलं. त्यामुळे बोगद्यात शिरताना पडदा खरोखर काळा होतो, हेडलाइटमध्ये ओल्या भिंतीचा तुकडा तेवढा चमकतो, आणि मग दूरवर हिरवा ठिपका मोठा होत जातो. आत गेल्यावर माझ्या डोळ्यांना जे झालं तेच चित्रात राहिलं.

इंजिनाच्या पुढे कॅमेरा बांधायची ही हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. १८९७-९८ च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अशा फिती निघाल्या, आणि ‘फँटम राइड’ म्हणून लोकांनी त्या गर्दी करून पाहिल्या. २००९ मध्ये नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास सलग दाखवला, तोही दहा लाखांवर लोकांनी पाहिला. मला वाटतं, त्यांना धरून ठेवलं ते निसर्गाने कमी आणि पुढच्या वळणाने जास्त. म्हणूनच माझ्या फितीत संगीत नाही, निवेदन नाही. थांबेही पूर्ण ठेवलेत. गाडी उभी असते तेव्हा ती उभी दिसते.

परतीच्या चढावर इंजिनाचं लांब अंग पुढे आलं. चालकाला त्याच्या कडेने एकाच बाजूचे रूळ दिसतात, दुसऱ्या बाजूचे असिस्टंट बघतो आणि ओरडून सांगतो. कॅमेऱ्याला तिथून फारसं काही मिळालं नाही, पण आवाज मिळाला. उतरताना सुस्कारे टाकणारं ते इंजिन चढावर गर्जत होतं, आणि प्रत्येक वळणावर चाकांच्या कडा रुळांना घासून किंचाळत होत्या.

फीत तयार झाल्यावर काकांनी महूतल्या काही निवृत्त चालकांना बोलावलं. मी समजत होते ते गप्प बसून बघतील. पहिल्या पुलापासूनच ते बोलू लागले. “थांबवा, थांबवा. इथे मोठा पाऊस झाला की वरून दगड सुटतो.” “या वळणावर मागचा बँकर दिसेनासा व्हायचा.” पूर्वी भरलेल्या गाड्या चढवताना मागून आणखी एक इंजिन ढकलायला लावत, त्याला बँकर म्हणतात. दोन इंजिनांतली माणसं एकमेकांना दिसत नसत, सगळा संवाद शिट्ट्यांवर. कुठे जोर लाव, कुठे थांब. ते म्हातारे चालक माझ्या समोर तोंडाने त्या शिट्ट्या वाजवून दाखवत होते, आणि कुठली लांब, कुठली आखूड यावरून भांडत होते. मी रेकॉर्डर सुरू केला. आता फितीला दोन आवाज आहेत. एक इंजिनाचा, दुसरा त्यांचा. बघणाऱ्याने हवा तो निवडावा.

डबे रंगवून, स्टेशन सजवून वारसा जपता येतो, आणि तेही करायला हवंच. पण हा घाट उतरवण्याची विद्या या लोकांच्या हातात आहे. मीटर गेज जाईल तशी ती शिकायची जागाही जाते. हे बोलणं नोंदवायला मीच यायला हवं होतं असं नाही, कुणीही यायला हवं होतं, आणि आताच.

त्या निवृत्त चालकांतले एक मूळ खंडव्याच्या डेपोचे. त्यांनी आजीच्या वाटेचा विषय काढला. अकोला-खंडवा मार्गावर मेळघाटात धुळघाट आहे. तिथे रूळ डोंगरावर चढण्यासाठी पूर्ण वेढा घेतात आणि स्वतःच्याच वरून जातात. २०१७ पासून तिथली गाडी बंद आहे. समोरून बघितलेला धुळघाट मला आता टिपता येणार नाही. “मी सांगतो ना,” ते म्हणाले आणि डोळे मिटून वळणामागून वळण सांगत सुटले. कुठे रेग्युलेटर किती, कुठे वाळू सोडायची, वेढ्यात खालचा रूळ कुठल्या बाजूला दिसतो. पुढच्या महिन्यात ते अकोल्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन येणार आहेत. तो म्हणे अकोटकडून चढायचा, हे खंडव्याकडून उतरायचे, आणि वेढ्याबद्दल दोघांचं कधीच एकमत झालेलं नाही. त्या दिवशी मी दोन रेकॉर्डर लावणार आहे.